यंत्राच्या वेळेचा जमाखर्च

पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे पळस्पें मागें पडतें, आणि कर्नाळ्याचा सुळका नजरेंत भरूं लागतो न लागतो तोंच शिरढोण हें गांव येतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं याच गांवीं झाला, हें आपणां सर्वांस ठाऊकच आहे. त्यांच्या बंडाची कथा आज मला सांगावयाची नाहीं; ती सांगण्यास माझ्याहून अधिकारी लोक पुष्कळ आहेत. मला आठवते ती त्यांच्या नोकरीच्या काळांतील एक गोष्ट. बंडापूर्वीं कित्येक वर्षें ते पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यांत कारकून होते. शिरढोणास आई अत्यवस्थ असल्याचें वर्तमान आलें. त्यांनीं रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाहीं, आणि ते घरीं येऊन पोंचले तेव्हां आई निघून गेलेली होती. आतां अशा अर्जावर निकाल देण्याचें प्रत्यक्ष काम तें किती? टांक शाईंत बुडवून सही करण्याइतकें. पण अर्ज मेजावर पडून राहतो तो वेळ निराळा, आणि दूर गांवीं आईची घटका भरत आलेली असते तो वेळ त्याहूनहि निराळा. हिशेबखात्याच्या वहींत पैशाला रकाना होता. या वेळेला नव्हता.

श्रोते हो, आज मला बोलावयाचें आहे तें अशाच एका हिशेबाविषयीं. संगणकावर जी आज्ञावली चालते, जिला आज घरोघरीं प्रोग्राम म्हणतात, ती किती वेळ खाते आणि किती स्मृति, म्हणजे मेमरी, अडवून बसते, हें मोजण्याची जी विद्या गेल्या पाऊणशें वर्षांत उभी राहिली, तिचा हा थोडासा इतिहास आहे. विषय रुक्ष वाटेल. मलाहि वाटत असे. त्याची गोडी मला लागली ती शिरढोणासच.

गेल्या पावसाळ्यांत मी तेथें एका आप्तांकडे गेलों होतों. घरांतील वहिनी आपल्या जुन्या मोबाइलवर एका संस्थेचा अर्ज भरीत होत्या. गांवाच्या नांवाचा रकाना आला. त्यांनीं ‘शि’ हें अक्षर उमटविलें मात्र, पडद्यावर एक वर्तुळ फिरूं लागलें आणि फिरतच राहिलें. वहिनींनीं चहाचें आधण ठेविलें, दूध तापविलें, परत येऊन पाहिलें, तरी वर्तुळ आपलें फिरतेंच आहे! माझी भाची नव्या मुंबईंतील एका कचेरींत आज्ञावल्या लिहिते, आणि योगायोग असा कीं, हा अर्ज तिच्याच कचेरींत तयार झालेला. ती जराशी ओशाळून म्हणाली, “मामा, आमच्याकडे हें पापणी लवायच्या आंत होतं.” मीं विचारलें, “तुमच्याकडे म्हणजे कुठें गं?” तिनें उत्तर दिलें नाहीं, पण फोन हातांत घेतला. त्या संध्याकाळीं पाऊस ओततच होता, वीजहि मधून मधून जात होती, आणि बोलतां बोलतां आम्ही मामा-भाची या विद्येच्या मुळापर्यंत जाऊन पोंचलों.

प्रथम स्मृति म्हणजे काय तें पाहूं. त्यासाठीं स्वयंपाकघरांत डोकवावें. कोठीच्या खोलींत जिन्नस पुष्कळ असतात. पण हातासरशीं सांपडतात ते ओट्यावरचे. ओटा अरुंद असला तर सुगरणीला एक डबा आणावा, उघडावा, परत ठेवावा, दुसरा आणावा, अशा येरझारा घालाव्या लागतात. ओटा ऐसपैस असला तर सारें साहित्य एकदांच मांडून ती झपाट्यानें काम उरकते. संगणकाची स्मृति हा त्याचा ओटा. म्हणून वेळ आणि स्मृति यांचा हिशेब नेहमीं एकत्र करावा लागतो. एकाची काटकसर केली कीं बहुधा दुसऱ्याचा खर्च वाढतो.

यंत्र जन्मास येण्यापूर्वींच हा हिशेब ज्याच्या मनांत आला तो इंग्लंडांतील गणिती चार्ल्स बॅबेज. त्याचें विश्लेषक यंत्र त्याच्या हयातींत पुरें झालें नाहीं. पण १८६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, असें यंत्र एकदां अस्तित्वांत आलें म्हणजे एखादें उत्तर कमींत कमी वेळांत कोणत्या मार्गानें काढावें, हा प्रश्न त्याच्या मागोमाग उभा राहणारच. त्या सालीं शिरढोणचे वासुदेवराव अठरा-एकोणीस वर्षांचे होते. प्रश्न खरोखर उभा राहण्यास आणखी ८४ वर्षें जावीं लागलीं.

२१ जून १९४८ रोजीं मँचेस्टर विद्यापीठांत विल्यम्स, किल्बर्न आणि टूटिल या तिघांनीं उभारलेल्या एका लहानशा यंत्रानें, स्मृतींत साठविलेल्या आज्ञावलीवरून चाललेलें पहिलें काम पुरें केलें. या यंत्राचा ओटा केवढा? ३२ ओळी, आणि प्रत्येक ओळींत शून्य किंवा एक अशीं ३२ चिन्हें. आज्ञावली १७ आज्ञांची. काम असें कीं, २,६२,१४४ या संख्येला निःशेष भागणारी, तिच्याहून लहान अशी सर्वांत मोठी संख्या शोधावयाची. यंत्र त्या संख्येच्या लगत खालच्या संख्येपासून एकेक पायरी उतरत गेलें, प्रत्येक संख्येनें भाग जातो काय तें पाहत गेलें, आणि भागाकार ठाऊक नसल्यामुळें तोहि पुनःपुन्हां वजाबाकी करूनच साधीत गेलें. सुमारें ३५ लक्ष क्रिया झाल्या, ५२ मिनिटें गेलीं, आणि १,३१,०७२ हें बरोबर उत्तर आलें.

आतां आपल्या घरांतील चौथींतला मुलगा म्हणेल, “यांत काय मोठेंसें? संख्या सम आहे. तिची निम्मी केली कीं झालें!” त्याचें म्हणणें खरें आहे, आणि तें त्या तिघांनाहि ठाऊक होतें. त्यांनीं लांबचा रस्ता मुद्दाम धरला होता, कारण इतका वेळ यंत्र न चुकतां तग धरतें कीं नाहीं हेंच त्यांना पाहावयाचें होतें. मला या ५२ मिनिटांचें मोठें नवल वाटतें. तीं यंत्राच्या मंदपणाचीं होतीं? रीतीच्या लांबणीचीं होतीं? कीं माणसाच्या हेतूचीं होतीं? तिन्हींचीं. निवळ ‘५२ मिनिटें’ एवढेंच कोणी सांगितलें तर त्यावरून यंत्राची किंवा रीतीची पारख करतां येणार नाहीं. पुढील वर्षीं, ६ मे १९४९ रोजीं, केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स यांच्या एड्सॅक या यंत्रानें शून्यापासून ९९ पर्यंतच्या वर्गांचें कोष्टक छापलें, तेव्हां त्यांच्या रोजकीर्दींत नोंद झाली कीं, आज्ञावलीस २ मिनिटें ३५ सेकंद लागले. पहिल्याच दिवशीं वेळ लिहून ठेवण्याची ही बुद्धि मला फार वाखाणण्यासारखी वाटते. काय केलें आणि किती वेळांत केलें, हें दोन्ही त्या एका ओळींत आहे.

घड्याळाचा आधार असा डळमळीत असल्यामुळें कांहीं गणित्यांनीं दुसरा मार्ग काढला. ॲलन ट्यूरिंग यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत सुचविलें कीं, मिनिटें मोजण्याऐवजीं गणितांत बेरजा किती, गुणाकार किती, आंकडा उतरून ठेवावा किती वेळां लागतो, कोष्टकांत पाहावें किती वेळां लागतें, हें मोजावें. यंत्र बदललें तरी ही गणती बदलत नाहीं. लग्नघरीं आचाऱ्याला “स्वयंपाक किती तासांत होईल” असें विचारण्याऐवजीं “पोळ्या किती लाटावयाच्या” असें विचारावें, तशांतला हा प्रकार. पुढें १९६५ सालीं अमेरिकेंत हार्टमानिस आणि स्टर्न्स यांनीं या गणतीस शास्त्राचें रूप दिलें: काम दुप्पट झालें तर वेळ दुप्पट होतो, चौपट होतो, कीं हाताबाहेर जातो, हा प्रश्न त्यांनीं मुख्य केला. त्याच वर्षीं स्मृतीच्या खर्चाचाहि असाच विचार त्यांनीं लुइस यांच्या साह्यानें मांडला. या मुद्द्याकडे मला शेवटीं परत यावयाचें आहे.

हें झालें विलायतेचें आणि अमेरिकेचें. आपल्या देशांत कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेनें १९५५ सालीं इंग्लंडांतून एक संगणक आणविला. स्वतः यंत्र बांधण्याचें साहस मात्र मुंबईनें केलें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं १९५६ सालीं नमुन्याचें यंत्र चालवून दाखविलें, आणि फेब्रुवारी १९६० मध्यें मोठें यंत्र कामास लागलें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास टिफ्रॅक हें नांव दिलें. हजारों निर्वात नळ्यांच्या या यंत्राची स्मृति चुंबकीय कड्यांची होती. त्यांत २,०४८ शब्द मावत, आणि प्रत्येक शब्द शून्य-एकाच्या ४० चिन्हांचा. हिशेब केला तर आजच्या मापानें ती दहा किलोबाइट भरते. आज देवनागरींतील एक अक्षरचिन्ह साठविण्याच्या रूढ पद्धतींत तीन बाइट लागतात. म्हणजे मी आतां आपणांस वाचून दाखवीत आहें तें हें भाषण टिफ्रॅकच्या सबंध स्मृतींत निम्मेंहि मावलें नसतें! आणि तेवढ्याच ओट्यावर त्या काळच्या शास्त्रज्ञांनीं आपलीं गणितें सोडविलीं. आज्ञा एक वांचली तर एक आंकडा अधिक ठेवतां येई. त्या पिढीला स्मृतीचें मोजमाप कोणी शिकवावें लागलें नाहीं. टंचाईनेंच तें शिकविलें.

त्या काटकसरीचीहि एक उधारी राहून गेली, ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. जगभर अनेक आज्ञावल्यांत जागा वांचविण्यासाठीं सालाचे चार आंकडे न लिहितां शेवटचे दोनच लिहीत. ‘६५’ म्हटलें कीं १९६५. सन २००० जवळ आलें तेव्हां ‘००’ म्हणजे १९०० कीं २००० हें यंत्रास कळेना, आणि ते जुने हिशेब दुरुस्त करण्यांत मुंबई-पुण्याच्या किती तरी तरुणांचीं उमेदीचीं वर्षें गेलीं. वांचविलेले दोन आंकडे असे वसूल झाले.

१९६४ सालीं त्याच संस्थेंत अमेरिकेंतून कंट्रोल डेटा कंपनीचा ३६०० हा संगणक आला. त्याची स्मृति टिफ्रॅकच्या सुमारें एकोणीसपट. देशांतील अनेक विद्यापीठांची व संशोधनसंस्थांची कामें त्यावर होऊं लागलीं. अशा केंद्रांची रीत सर्वत्र सारखीच असे. भोंकें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकींत द्यावयाचा, आणि उत्तरासाठीं थांबावयाचें. काम यंत्रावर दोन मिनिटांचें. पण रांग मोठी, म्हणून उत्तर उद्यां. त्यांतून एका कार्डांत एक स्वल्पविराम चुकला असला तर पुन्हां परवां! केंद्राच्या वहींत दोनच मिनिटें मांडलीं जात. संशोधकाचे दोन दिवस त्या वहींत येत नसत.

येथें आपण पुन्हां त्या रजेच्या अर्जापाशीं आलों. यंत्राचा वेळ आणि माणसाचा वेळ हे दोन भिन्न पदार्थ आहेत, ही गोष्ट पुढें अधिकच स्पष्ट झाली. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेनें एकाच यंत्रावर अनेक माणसांनीं एकाच वेळीं काम करण्याची पद्धति दाखविली. यंत्र क्षणभर याचें काम करी, क्षणभर त्याचें. मग एखाद्या आज्ञावलीला ‘किती वेळ लागला’ याचें उत्तर एक उरेना. पुढें युनिक्स नांवाची जी व्यवस्था सर्वत्र पसरली, तींत यासाठीं एक छोटीशी आज्ञाच आहे. ती तीन आंकडे सांगते: भिंतीवरच्या घड्याळानें गेलेला वेळ, आज्ञावलीच्या स्वतःच्या कामांत यंत्रानें घालविलेला वेळ, आणि तिच्यासाठीं यंत्राच्या व्यवस्थेनें घातलेला वेळ. भाचीनें हें सांगितलें तेव्हां मीं विचारलें, “तुम्ही यांतला कोणता पाहतां?” ती म्हणाली, “दुसरा. तो कमी असतो.” आणि स्वतःच हसली.

एवढ्यावर भागत नाहीं. एकूण वेळ कळला तरी तो कोठें गेला हें कळावें लागतें, आणि याबाबतींत आज्ञावली लिहिणाराचाच अंदाज बहुधा चुकतो. १९७१ सालीं डोनाल्ड क्नूथ यांनीं बऱ्याच आज्ञावल्या तपासून दाखविलें कीं, एकंदर मजकुराच्या चार टक्क्यांहूनहि कमी भागांत बहुधा निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. तो भाग शोधण्याची युक्ति मोठी मजेची आहे. कचेरींत ठराविक वेळानें घंटा व्हावी, आणि घंटा झाली कीं तपासनिसानें कारकुनाच्या मेजावर कोणता कागद आहे तेवढेंच टिपून निघून जावें. हजार घंटांपैकीं सहाशें वेळां एकच कागद दिसला तर कारकुनाचा दिवस कोठें जातो तें न विचारतां समजतें. संगणकांतहि असेंच ठोके पाडून त्या क्षणीं कोणती आज्ञा चालली आहे तें टिपतात. १९८२ सालीं बर्कले येथील ग्रॅहॅम, केसलर व मक्यूसिक यांनीं याच पायावर असें साधन केलें कीं, कोणी कोणाला कामास लाविलें, आणि म्हणून खर्च कोणाच्या नांवें मांडावा, हेंहि त्यांत दिसूं लागलें. मूळ अपराधी पुष्कळदां काम करणारा नसतो, करविणारा असतो. हें कळण्यास तें साधन फार उपयोगीं पडलें.

स्मृतीच्या तपासणींत निराळीच अडचण. आज्ञावली जागा मागून घेते, काम झाल्यावर ती परत करण्यास विसरते, आणि अशा विसरलेल्या उसनवारीनें सारा ओटा भरून जातो. हें पकडण्यासाठीं २००२ सालीं प्रसिद्ध झालेलें वॅलग्राइंड नांवाचें साधन स्मृतींतील प्रत्येक उचल-ठेवीवर नजर ठेवतें. पण त्या पाळतीमुळें आज्ञावली दहापट, कधीं पन्नासपटहि, मंद होते. स्वयंपाक चालला असतां पळीपळीचा हिशेब विचारीत कोणी शेजारीं उभें राहावें, तसें तें होतें. म्हणून वेळ व स्मृति एकाच बैठकींत चोख मोजतां येत नाहीं. दोन बैठका कराव्या लागतात.

मोठ्या यंत्रांच्या बाबतींत पुण्याचें उदाहरण बोलकें आहे. १९८८ सालीं तेथें प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झालें, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, आणि परदेशीं यंत्र मिळण्याच्या अडचणींतून आपण वाट काढली, हें सर्वश्रुत आहे. मला येथें त्याच केंद्राच्या पुढच्या यंत्राचा आंकडा सांगावयाचा आहे. परम पद्म हें यंत्र सेकंदास एक लाख कोटी क्रिया करण्याच्या ताकदीचें होतें. पण २००३ सालीं जगांतील पांचशें यंत्रांच्या यादीसाठीं समीकरणांचें ठरीव गणित घालून त्याची परीक्षा घेतली, तेव्हां त्या ताकदीच्या निम्म्याहून थोडा अधिक वेग भरला, आणि १७१ वें स्थान मिळालें. २००७ सालीं पुण्यांतीलच ‘एका’ हें टाटांचें यंत्र त्या यादींत चौथें आलें. त्याचीहि कागदावरची ताकद सुमारें १७० लाख कोटी, आणि परीक्षेंत भरलेला वेग ११८ लाख कोटी. यांत कमीपणा कांहींच नाहीं. जगांतील सर्वच यंत्रांची हीच कथा आहे. पण तो मोजलेला वेगहि त्या एका जातीच्या गणितापुरताच खरा. पावसाचा अंदाज किंवा रेणूंची रचना काढतांना तेंच यंत्र कसें चालेल, हें तो आंकडा सांगत नाहीं.

आतां वहिनींच्या अर्जाकडे येतों. भाचीनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या जुन्या फोनचीच तपासणी मांडली. भिंतीवरच्या घड्याळानें गांवाचें नांव उमटण्यास दीड मिनिट लागत होतें. कारण सांपडलें तें असें: नांवाचें प्रत्येक अक्षर उमटलें कीं आज्ञावली गांवांची सबंध यादी फोनच्या स्मृतींत आणी, आणि प्रत्येक नांवाची ओळ नव्यानें रचून मग त्यांतून हवीं तीं दाखवी. कचेरींत परीक्षेसाठीं जी यादी घेतली होती ती पंधरा गांवांची! महाराष्ट्रांत गांवें आहेत चाळीस हजारांहून अधिक. यंत्र भारी, यादी पंधरांची, आणि घड्याळ यंत्राचें. तेथें सारें पापणी लवण्याच्या आंत व्हावें यांत आश्चर्य नाहीं. यादीबरोबर खर्च कसा वाढतो, हा हार्टमानिस-स्टर्न्स यांचा प्रश्न कोणीं विचारलाच नव्हता.

उपाय जुनाच होता. आपण शब्दकोशांत शब्द कसा शोधतों? मधोमध उघडतों, पुढें कीं मागें तें पाहतों, उरलेला अर्धा भाग पुन्हां मधोमध उघडतों. चाळीस हजार नांवें वर्णानुक्रमानें लाविलीं असलीं तर अशा रीतीनें फार तर सोळा वेळां पाहावें लागतें. शोधण्याचें हें काम कचेरीच्या मोठ्या यंत्रानें करावें आणि फोनकडे जुळणारीं चार-दोन नांवेंच पाठवावीं, अशी दुरुस्ती तिनें आठवड्याभरांत आपल्या वरिष्ठांकडून मान्य करून घेतली. ती लवकर मान्य झाली, याचें श्रेय ती त्या दीड मिनिटाच्या नोंदीला देते. “फोन जुना आहे” एवढें म्हणून चाललें नसतें. तिच्या तपासणीच्या वहींत आतां एक नवा रकाना आहे. त्याचें शीर्षक तिनें ‘मामीचा फोन’ असेंच ठेविलें आहे.

पंधरवड्यानें वहिनींचा निरोप आला कीं ‘शिर’ एवढें लिहितांच नांव आलें. मात्र एक नव्हे, बरींच आलीं, कारण शिरोळ तालुक्यांत एक शिरढोण आहे, कळंब तालुक्यांतहि आहे. त्यांनीं चष्मा लावून पनवेलचें निवडलें, आणि अर्ज पुढें सरकला.